खाचेतला गंज: जुन्या गाडीचे पुढचे कॅलिपर घरी उघडताना

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना ब्रेकवर पाय ठेवायची वेळ फारशी येत नाही. दुसरा-तिसरा गिअर, ॲक्सिलरेटर, वळणावर थोडं सोडून द्यायचं, एवढंच. म्हणून त्या ऑक्टोबरात कोयनानगरला चहाला थांबलो आणि डाव्या पुढच्या चाकातून जळका वास आला तेव्हा काळजीच वाटली. उजव्या चाकाजवळ हात नेला तर ते कोमट होतं. डाव्याजवळ वीतभर अंतरावरूनच झळ लागत होती. ब्रेक न लावता एकच चाक तापतंय याचा अर्थ त्या चाकाचा ब्रेक सुटतच नव्हता.

गाडी वडिलांची, १९९८ची मारुती झेन. जून ते सप्टेंबर ती चिपळूणला घराच्या पडवीशेजारी उभी होती. त्याआधी मे महिन्यात एका गॅरेजमध्ये पुढचे पॅड बदलून घेतले होते. पॅड नवे, मग ब्रेक जाम कसा? या प्रश्नाचं उत्तर कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन पॅडांमध्ये दाबून धरणारा जबडा, उघडल्यावरच मिळालं. जुन्या गाडीच्या ब्रेकमधली सगळ्यात महत्त्वाची जागा आहे ती कॅलिपरच्या आतली, रबरी सील बसतं ती जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीची एक खाच, आणि पॅड बदलताना तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही.

पुढे लिहिलंय ते एकाच पिस्टनच्या (ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणारा दट्ट्या) सरकत्या कॅलिपरबद्दल, म्हणजे झेन, एस्टीम, मारुती ८०० यांसारख्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना असतो तसा. एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली, मागे ड्रम असलेली गाडी मी डोळ्यांसमोर धरली आहे. मागेही डिस्क असेल आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरमधून चालत असेल तर आतली रचना वेगळी असते, पिस्टन पेचासारखा फिरवावा लागतो. तिथे ही पद्धत वापरू नका.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

चाक जाम आहे म्हणजे कॅलिपरच खराब असं समजून त्याच्या रबरांचं किट आणायला धावू नका. गाडी सपाट जागी घ्या, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, पुढचं चाक उचला आणि स्टँडवर ठेवा. इंजिन चालू करून ब्रेक दोन-तीनदा जोरात दाबा आणि सोडा, मग इंजिन बंद करून गिअर न्यूट्रलला घ्या. आता चाक हाताने फिरवा. हलकी खरखर चालते. दोन्ही हातांनी जोर लावावा लागत असेल तर ब्रेक धरून बसलाय.

आता कॅलिपरचं निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू, पाव फेरा सैल करा. थोडं ऑइल उडालं आणि चाक लगेच मोकळं झालं, तर आत दाब अडकला होता. म्हणजे दोष कॅलिपरच्या मागे, होज पाइपमध्ये किंवा मास्टर सिलेंडरमध्ये (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देतो तो) आहे. जुना रबरी होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगतो किंवा त्याचं अस्तर सुटतं. पाय दाबला की ऑइल पुढे जातं, परत मात्र येत नाही. हे पारखायचं तर निपल बंद करा, पुन्हा ब्रेक दाबून सोडा आणि या वेळी होजच्या वरच्या टोकाला, जिथे लोखंडी पाइप येऊन मिळतो, तिथला नट जरा सैल करा. तिथे चाक सुटलं तर मास्टर सिलेंडरकडे बघायचं. तिथे सुटलं नाही पण निपल उघडल्यावर सुटतं, तर होज बदलायचा.

निपल उघडूनही चाक जामच राहिलं तर दोष कॅलिपरमध्ये आहे: पिस्टन अडकलाय किंवा कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिना. आमचं चाक निपल उघडल्यावर तसूभरही हललं नाही.

निपलची ही चाचणी सुरुवातीलाच करायचं आणखी एक कारण आहे. जुनं निपल गंजून बसलेलं असतं आणि काम अर्ध्यावर आल्यावर ते तुटलं तर सगळंच अडतं. आदल्या रात्री त्याच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी हलक्या हातोडीने डोक्यावर चार-पाच ठोके द्या आणि सहा कोनांचा रिंग पाना लावा. उघड्या तोंडाचा पाना लावलात तर कोपरे गोल झालेच म्हणून समजा. तरीही ते हललं नाही तर जोर करू नका. कॅलिपर बाहेर काढून टर्नरकडे (लेथवाल्याकडे) न्या किंवा नवा कॅलिपर घ्या.

सील नेमकं काय करतं

हे समजून घेतल्याशिवाय कामाला हात घालू नये असं मला मनापासून वाटतं, कारण साफसफाई कुठे करायची हे यावरूनच ठरतं.

मागच्या ड्रममधल्या व्हील सिलेंडरमध्ये रबरी वायसर पिस्टनबरोबर पुढे-मागे सरकतो. म्हणून तिथे सिलेंडरची आतली भिंत गुळगुळीत लागते. डिस्कच्या कॅलिपरमध्ये उलट आहे. इथे सील कॅलिपरच्या भिंतीतल्या खाचेत बसलेलं असतं आणि पिस्टन त्याच्यामधून सरकतो. ऑइल अडवणारा पृष्ठभाग म्हणजे पिस्टनची बाहेरची बाजू. भिंतीवर थोडे डाग असले तरी बिघडत नाही, पिस्टनवर चालत नाहीत.

सीलचं दुसरं काम आणखी नाजूक आहे. त्याचा छेद चौकोनी असतो. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जातो आणि सीलची आतली कड त्याच्याबरोबर किंचित ओढली जाते. पाय उचलला की रबर मूळ आकारात येतं आणि पिस्टनला मिलिमीटरच्या काही दशांशाइतकं मागे आणतं. कॅलिपरमध्ये पिस्टन मागे घेणारी स्प्रिंग नसते. पॅड डिस्कपासून सुटतो तो या रबराच्या पिळामुळे.

आता खाचेत गंज धरला तर काय होतं पाहा. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो सीलच्या मागे साचतो आणि सीलला पिस्टनवर आवळत जातो. रबर वाकायला जागाच उरत नाही, मग पिस्टन पुढे गेला की तिथेच राहतो. भिंत आरशासारखी घासून नवं सील बसवलं आणि खाच तशीच ठेवली, तर नवं सीलही पहिल्या दिवसापासून आवळलेलंच राहणार.

सामान

सील किट दोन्ही बाजूंचं घ्या, काहीशे रुपयांचं काम आहे. किटमध्ये पिस्टनचं सील, डस्ट कव्हर (पिस्टनभोवती धूळ-पाणी अडवणारं रबर) आणि पिनांची रबरं असायला हवीत. दुकानात जाताना गाडीचं साल आणि मॉडेल लिहून न्या, कारण एकाच नावाच्या गाडीत मधल्या काळात कॅलिपर बदललेले असतात. जुनं सील बाहेर आलं की नव्याच्या शेजारी ठेवून व्यास आणि जाडी ताडून पाहा. होजच्या बोल्टचे तांब्याचे वायसर प्रत्येक बाजूला दोन, नवेच. शक्य असेल तर दोन पिस्टन आधीच बोलून ठेवा.

ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच, आणि नवी सीलबंद बाटली. डॉट ३ आणि डॉट ४ दोन्ही ग्लायकॉलची आहेत आणि हवेतलं पाणी शोषतात. कोरड्या डॉट ३चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असतो, पाणी शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरलेला चालतो असं मानक सांगतं. डॉट ४साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. कपाटात वर्षभर उघडी राहिलेली बाटली म्हणजे पाणी मिसळलेलं ऑइल. डॉट ५ मात्र सिलिकोनचं असतं, ते यात कधीही मिसळायचं नाही.

साफ करायला ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल, साधं पिवळं ग्रीस यांतलं काहीही रबराजवळ येऊ देऊ नका. ब्रेकची रबरं पेट्रोलियमने फुगतात. मी हे पुन्हा पुन्हा सांगतो, कारण पेट्रोलमध्ये भाग धुण्याची सवय आपल्याकडे खूप खोल आहे. पिनांसाठी सिलिकोन ग्रीस वेगळं मागून घ्या.

बाकी: जॅक, दोन मजबूत स्टँड, सहा कोनांचे रिंग पाने, टॉर्क पाना, नायलॉनचा ब्रश, वायर ब्रश, बारीक पॉलिश पेपर, बांबूच्या दोन-तीन काड्या, पारदर्शक नळी, एक बाटली, हातमोजे, मास्क आणि चष्मा. जुन्या पॅडच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे हवेचा झोत मारून ती उडवू नका. क्लीनर मारून ओली करा आणि चिंधीने पुसा. ब्रेक ऑइल रंगावर पडलं तर रंग उचलतं, म्हणून मडगार्डवर जुनी चादर टाका आणि पाण्याचा मग जवळ ठेवा. थेंब पडला की लगेच भरपूर पाणी.

पिस्टन बाहेर काढणं

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग उचला, स्टँड लावा, आणि गाडी धरून हलवून पाहा. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही. एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जोडलेली राहिली की काय कुठे होतं हे बघायला नमुना राहतो, शिवाय पुढची युक्तीही त्यामुळेच चालते.

खालच्या आणि वरच्या पिनेचे बोल्ट काढून कॅलिपर डिस्कवरून उचला. तो होजवर लटकू देऊ नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. पॅड काढा आणि बघा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल तर पिना अडकल्यात किंवा पिस्टन मागे येत नाहीये. पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल तर एखादी पिन धरून बसलीय.

अडकलेला पिस्टन पकडीने ओढू नका. त्याच्यावर पडलेला एक ओरखडा म्हणजे गळती. त्याला बाहेर ढकलणारं सगळ्यात चांगलं यंत्र गाडीतच आहे: ब्रेकचं पेडल. पिस्टनसमोर कॅलिपरच्या जबड्यात एवढा जाड लाकडी ठोकळा धरा, की पिस्टन त्याला टेकला तरी पूर्ण बाहेर पडणार नाही. मग घरातल्या कुणाला तरी पेडल हळूहळू, अर्धंच दाबायला सांगा. पूर्ण तळापर्यंत नको. जुन्या मास्टर सिलेंडरच्या खालच्या भागात, जिथे रबर रोज पोचत नाही, तिथे घाण आणि गंज असतो, आणि पेडल तिथवर नेलं तर त्याचीही रबरं फाटू शकतात. टाकीतलं ऑइल खाली जाऊ देऊ नका. माझी बायको पेडलवर होती आणि मी चाकाशी. सातव्या-आठव्या दाबाला ‘टक्’ असा आवाज झाला आणि पिस्टन हलला. दुसऱ्या बाजूचा कॅलिपर जोडलेला असल्यामुळे तिथला पॅड डिस्कला टेकून पिस्टन थांबतो आणि सगळा जोर या बाजूला येतो.

पिस्टन ठोकळ्याला टेकला की पेडलखालचं काम संपलं. आता एक काठी सीट आणि पेडलमध्ये अडकवून पेडल साधारण दोन-तीन सेंटिमीटर दाबलेलं ठेवा. त्यामुळे मास्टर सिलेंडरमधलं टाकीकडचं छिद्र बंद राहतं आणि होज काढल्यावर टाकी रिकामी होत नाही. ब्रेकलाइट जळत राहतील, म्हणून आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. होज पकडीने आवळून बंद करायची पद्धत मला मान्य नाही, त्याने आतलं अस्तर तुटतं. बोल्ट सोडवा, कॅलिपर ताटात घ्या, होजच्या तोंडाला स्वच्छ प्लॅस्टिक बांधा. पिस्टन आता हाताने पिळत पिळत बाहेर येतो.

हवेने पिस्टन काढायचाच झाला तर मोठा कंप्रेसर नको. पायाने मारायचा पंप पुरतो. ठोकळा आणि चिंधी समोर हवीच, बोटं कधीही पिस्टनसमोर नकोत. तो सुटतो तेव्हा गोळीसारखा सुटतो.

खाच

डस्ट कव्हर काढा, मग सील. त्यासाठी पेचकस वापरू नका. बांबूची काडी टोकाला चपटी तासून घ्या किंवा जुन्या टूथब्रशची दांडी घासून घ्या. स्टीलने खाचेच्या कडेला चरा पडला तर तिथून ऑइल झिरपेल.

आमच्या डाव्या कॅलिपरमधलं सील बाहेर आलं तेव्हा त्याच्या पाठीला तपकिरी पावडर होती. खाच कोरडीच वाटली. टॉर्चचा उजेड तिरका धरला तेव्हा तळाशी चण्याच्या सालीएवढ्या जाडीची कडक पापडी दिसली, साधारण अर्ध्या वर्तुळात. काडीने टोकरली की तिचे पोपडे निघत होते. मे महिन्यात पॅड बदलले तेव्हा काय झालं असेल ते इथे उलगडलं. जुने पॅड झिजत गेले तसा पिस्टन वर्षानुवर्षं बाहेर येत गेला होता. फाटक्या डस्ट कव्हरमधून ओल आत शिरत होती आणि पिस्टनचा उघडा भाग गंजत होता. नवे, जाड पॅड बसवायचे म्हणून पिस्टन मागे दाबला गेला आणि तो गंजलेला भाग थेट सीलखाली जाऊन बसला. पुढच्या चार महिन्यांच्या कोकणातल्या पावसाने बाकीचं केलं. नव्या पॅडनंतर ब्रेक धरायला लागला अशी तक्रार कुणी केली की मी आता हेच आधी विचारतो: पिस्टन दाबण्याआधी डस्ट कव्हर उचलून आत बघितलं होतं का?

खाच साफ करायला घाई नको. मला एका बाजूला पाऊण तास लागला. आधी बांबूची काडी, मग अल्कोहोलमध्ये बुडवलेला नायलॉनचा ब्रश, मग भांडी घासायच्या हिरव्या जाळीची बारीक पट्टी काडीला गुंडाळून. खाचेचा आकार साधा चौकोनी नसतो. तिचा तळ किंचित उतरता असतो किंवा कड तासलेली असते, आणि सील किती वाकणार हे त्या उतारावर ठरतं. म्हणून पॉलिश पेपर किंवा ड्रिलचा ब्रश खाचेत घालायचा नाही. गंज काढायचा, धातू नाही. शेवटी बोटाचं नख खाचेतून गोल फिरवा. कुठेही अडलं नाही, खडबड लागली नाही, की झालं. डस्ट कव्हरची बाहेरची खाचही अशीच साफ करा.

भिंतीवरचे डाग बारीक पेपरला ताजं ब्रेक ऑइल लावून हलकेच, गोल दिशेने पुसा. मग सगळीकडे क्लीनर मारा, निपल आणि होजच्या छिद्रांतूनही, आणि बाहेर येणारा द्रव स्वच्छ होईपर्यंत थांबू नका. कॅलिपर उन्हात पूर्ण वाळू द्या.

पिस्टन ठेवायचा की टाकायचा

पिस्टन लोखंडी, वरून क्रोमचा मुलामा. पुसून उन्हात फिरवून पाहा. नुसता काळपट डाग १०००-१२००च्या ओल्या पेपरने जातो. नख अडेल असा खड्डा किंवा उडालेला मुलामा दिसला तर पिस्टन बाद. तो घासून गुळगुळीत करता येईल असं वाटतं, पण मुलामा गेलेल्या जागी गंज परत येणारच. खड्डा बाहेरच्या टोकाला, सीलपासून लांब असला तरी मी दया दाखवत नाही, कारण पुढचे पॅड जाड असतील आणि तोच भाग सीलखाली जाईल. आमचा डावा पिस्टन टाकला. उजवा पुसून ठेवला.

जोडणी

हात धुऊन नवे मोजे घाला. सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा, खाचेत बसवा आणि बोट फिरवून खात्री करा की ते कुठे पिळलेलं नाही. भिंतीला आणि पिस्टनला ऑइलचा पातळ हात द्या.

डस्ट कव्हर बसवणं हे सगळ्यात चिडचिडीचं काम. कव्हरची बाहेरची कड कॅलिपरच्या खाचेत बसत असेल तर सोपा मार्ग असा: कव्हर पिस्टनच्या आतल्या टोकावर असं चढवा की त्याची कड पिस्टनच्या खाली लोंबेल. ती कड कॅलिपरच्या खाचेत बोटांनी सगळीकडून बसवा आणि मगच पिस्टन सरळ आत ढकला. शेवटी कव्हरची आतली कड पिस्टनच्या खाचेत आपोआप शिरते. काही कॅलिपरना वरून तारेची रिंग असते, ती शेवटी.

पिस्टन दोन्ही अंगठ्यांच्या जोराने जायला हवा. तिरका झाला तर बाहेर काढा आणि पुन्हा सुरू करा. हातोडी नाही. अंगठ्याने जात नसेल तर खाच अजून साफ व्हायची आहे किंवा सील चुकीचं आलंय, दुसरं कारण नसतं. डावा पहिल्यांदा असाच अडला होता. उघडून पाहिलं तर खाचेच्या कोपऱ्यात तांदळाच्या कणीएवढा पोपडा राहिला होता. तो काढल्यावर पिस्टन लोण्यातून जावा तसा गेला.

पिनांकडे दुर्लक्ष करू नका. पिस्टन कितीही चांगला चालला तरी कॅलिपर पिनांवर सरकला नाही तर बाहेरचा पॅड काम करणार नाही. पिना पुसून चकचकीत करा, भोकं ब्रशने साफ करा, सिलिकोन ग्रीसचा पातळ थर द्या. भोक ग्रीसने भरून टाकलं तर आत अडकलेली हवा पिनेला मागे ढकलते. दोन पिना वेगळ्या असतील, एकीवर रबराची बुशिंग असेल, तर वरची वर आणि खालची खाली. ब्रॅकेटवर पॅड जिथे टेकतो तिथला गंज वायर ब्रशने काढा. पॅड बोटांनी सरकला पाहिजे, ठोकावा लागता कामा नये.

डिस्कची कमीत कमी जाडी बहुधा तिच्याच कडेवर कोरलेली असते, ती मोजून ताडून पाहा. मग क्लीनरने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका.

कॅलिपर चढवताना निपल वरच्या बाजूला आहे ना ते बघा. डावा-उजवा बदलला तर निपल खाली येतं आणि हवा कधीच निघत नाही. होज पिळलेला नसावा. स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून तो टायरला किंवा सस्पेन्शनला घासत नाही ना ते पाहा. बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. निपल छोटं असतं, त्याला आखूड पान्याचा हलका जोर पुरतो.

हवा काढणं

पेडलची काठी काढा, टाकी भरा. ऑइल जुनं असेल तर चारही चाकांतून नवं ऑइल घ्या. आपल्या उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत मास्टर सिलेंडर उजवीकडे असतो, म्हणून सगळ्यात लांबचं डावं मागचं आधी, मग उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं. नळीचं एक टोक निपलवर, दुसरं बाटलीत, थोड्या ऑइलमध्ये बुडलेलं.

पेडलवरच्या माणसाशी शब्द ठरवून घ्या. ‘दाब’ म्हटलं की दाबून धरायचं आणि ‘धरलं’ असं सांगायचं. मग मी निपल उघडतो, बुडबुडे जातात, निपल बंद करतो आणि ‘सोड’ म्हणतो. निपल उघडं असताना पाय उचलला गेला तर हवा परत आत. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे ते तळाला जाणार नाही. दर चार-पाच दाबांनंतर टाकी बघा. ती एकदा रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. बाटलीत निघालेलं ऑइल पुन्हा वापरू नका आणि गटारातही ओतू नका. बंद बाटलीत भरून गॅरेजच्या टाकाऊ तेलात द्या, पण आधी त्यांना सांगून.

रस्त्यावर

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पिस्टन पूर्ण आत असल्यामुळे पहिले दोन-तीन दाब रिकामे जातात, आणि हे विसरून गाडी मागे घेतली तर भिंतीपर्यंत ब्रेक लागणार नाही. इंजिन चालू करून पेडल जोरात एक मिनिट धरून ठेवा. हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलेंडर गेलाय. कोरडा टिश्यू पेपर निपलला, होजच्या जोडाला आणि डस्ट कव्हरच्या खाली फिरवा. ओला झाला तर गाडी हलवू नका.

मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर दहाच्या वेगाने, हात हँडब्रेकवर. ब्रेक सरळ लागला, गाडी कुठे ओढली नाही, की वेग वाढवा. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर दुसऱ्या बाजूचा ब्रेक कमी लागतोय. ब्रेक न लावता ओढत असेल तर ती ओढतेय त्याच बाजूचा अजून धरलेला आहे. पेडल मऊ लागलं तर हवा राहिली. पेडल कडक पण खोल जात असेल तर मागचे ड्रम ॲडजस्ट करायचे राहिलेत.

नवे पॅड असतील तर मागे कोणी नाही हे बघून पन्नासवरून दहापर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक लावा, मधे अर्धा-एक मिनिट गाडी चालू द्या म्हणजे डिस्क गार होईल. एकदम थांबून पाय दाबून ठेवू नका. शेवटी सहा-सात किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा आणि थांबून दोन्ही चाकांजवळ हात न्या, डिस्कला स्पर्श न करता. ऊब दोन्हीकडे सारखी हवी.

रात्री गाडी उभी केली तेव्हा दोन्ही पुढच्या चाकांखाली जुनं वर्तमानपत्र पसरलं. सकाळी ते कोरडं होतं आणि टाकीतलं ऑइल आदल्या दिवशी खडूने केलेल्या खुणेवरच होतं. आठवड्याने चाकं काढून डस्ट कव्हरच्या कडा पुन्हा पाहिल्या. दिवाळीत त्याच घाटाने उलट, म्हणजे उतरत, चिपळूणला गेलो. शिरगावला थांबून दोन्ही चाकांजवळ हात नेला. दोन्ही गरम होती, पण सारखीच.